चारचौघांची जागा



‘चारचौघांत नीट वाग’ हें वाक्य मराठी घरांतील मुलाच्या कानावर किती वेळां पडतें याची गणती करणें कठीण. पण हे चारचौघे कोण, त्यांची जागा कोणती आणि त्या जागेची मालकी कोणाकडे, हें मात्र त्या मुलाला कोणी समजावून देत नाहीं. परिणाम असा होतो कीं, घरांत पायपुसण्यावर पाय पुसून आंत येणारा गृहस्थ त्याच इमारतीच्या जिन्याच्या कोपऱ्यांत पानाची पिंक टाकून मोकळा होतो. देवघरांत हलक्या आवाजांत आरती म्हणणारीं मंडळी चौकांतील उत्सवाचा कर्णा आजाऱ्याच्या खिडकीकडे तोंड करून बांधतात. आणि अर्धा तास रांगेंत उभा राहिलेला माणूस बस दिसतांच रांग म्हणून कांहीं असतें हेंच विसरतो. यावर आमच्या वयाच्या लोकांचें ठरलेलें उत्तर असें कीं, ‘पूर्वीं असें नव्हतें, हल्लींची पिढी बिघडली.’ मीं अनेक वर्षें शाळेंत इतिहास शिकविला आहे, आणि त्या आधारानें नम्रपणें सांगतों कीं, हें उत्तर खरें नाहीं. पूर्वींही असेंच होतें. निदान पूर्वींच्या कायदेकारांना तरी तसें वाटत होतें. कारण न घडणाऱ्या गोष्टीसाठीं दंडाचें कोष्टक कोणी करीत बसत नाहीं.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत नगराच्या अधिकाऱ्याचीं कर्तव्यें सांगणारा एक अध्याय आहे. रस्त्यावर केर टाकणारास अष्टमांश पण, चिखल किंवा पाणी सांचवून वाट अडविणारास पाव पण, आणि हाच अपराध राजमार्गावर केल्यास दुप्पट दंड, इतका बारीक हिशेब तेथें मांडलेला आहे. तीर्थस्थान, पाणवठा, देवालय व राजवाडा या जागीं मलोत्सर्ग करणारास एक पणापासून चढता दंड, आणि लघुशंकेस त्याच्या निम्मा. परंतु मला या आंकड्यांपेक्षां त्यांना जोडलेला अपवाद अधिक मोलाचा वाटतो. औषधामुळें, आजारामुळें किंवा भीतीमुळें असें घडल्यास दंड नाहीं. मनुस्मृतींतही आपत्ति नसतां राजमार्ग घाण करणारास दोन कार्षापण दंड सांगितला आहे, आणि ती घाण त्यानेंच साफ करावी अशी आज्ञा आहे. मात्र अपराधी वृद्ध, गर्भवती किंवा बालक असल्यास त्यास शब्दांनींच समज द्यावी व जागा साफ करवून घ्यावी, असें म्हटलें आहे. नियम कडक असावा, पण दुर्बळासाठीं त्यांत वाट ठेवावी, ही जाण त्या काळीं होती. ही गोष्ट ध्यानांत ठेवा; पुढें तिच्याकडे परत येऊं.

आतां आमच्या नाशिककडे वळतों. सार्वजनिक सोयींचा नाशिकचा लेखी इतिहास निदान एकोणीसशें वर्षें मागें जातो, आणि तो गांवाबाहेरील पांडवलेण्यांच्या भिंतीवर कोरलेला आहे. क्षत्रप नहपान याचा जांवई उषवदात यानें दहाव्या लेण्यांतील लेखांत आपल्या दानांची यादी दिली आहे. भरुकच्छ, दशपुर, गोवर्धन व शोर्पारग या ठिकाणीं त्यानें चौसोपी विश्रामगृहें बांधलीं. विहिरी व तळीं खोदलीं. यांतील गोवर्धन म्हणजे आपल्या शेजारचेंच स्थळ. इबा, पारादा, दमणा, तापी, करबेणा आणि दाहाणुका या सहा नद्यांवर त्यानें उतारूंसाठीं फुकट नावा ठेवल्या, आणि दोन्ही तीरांवर बसण्याउठण्याच्या शाळा व पाणपोया घातल्या. नावेची वाट पाहणारा माणूस उन्हांत उभा राहतो, त्याला तहान लागते, एवढें त्या संस्थानिकाच्या लक्षांत आलें होतें. तो केवळ देऊन थांबला नाहीं. भिक्षूंच्या वस्त्रांची व इतर गरजांची तरतूद म्हणून त्यानें गोवर्धनच्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे तीन हजार कार्षापण ठेव ठेवली. मूळ रकमेस हात लावावयाचा नाहीं, फक्त व्याज खर्चावयाचें, अशी अट घातली, आणि हें सारें नगरसभेंत वाचून दप्तरांत नोंदविलें. पाटीवर नांव कोरून निघून जाणाऱ्या आजच्या दात्यांनीं हा लेख एकदां पाहून यावा. लेण्यांच्या पायऱ्या पुष्कळ आहेत, पण व्यायामही होईल.

सोय करणारे आम्हांला सदैव मिळाले. ती सांभाळणारे मात्र थोडे. रामकुंडाचेंच पाहा. सध्यांचें कुंड १६९६ सालीं बांधलें गेलें आणि माधवराव पेशव्यांच्या मातोश्री गोपिकाबाई यांनीं त्याची दुरुस्ती केली असें सांगतात. त्याच्या भोंवतीं घाट, देवळें व दुसरीं कुंडें उभीं राहिलीं. या घाटावर स्नान होतें, अस्थि विसर्जन होतात, कपडे धुतले जातात आणि बुधवारीं बाजारही भरतो. म्हणजे घर, देवघर, स्मशान व मंडई या चारी जागांचीं कामें एकाच दगडावर चालतात. अशा जागीं प्रत्येकानें दुसऱ्याची सोय पाहिल्याखेरीज निभाव लागणें शक्य नाहीं. पूर्वीं तो लागत होता याचें श्रेय लोकांच्या शिस्तीला देण्याचा मोह होतो. पण माझ्या मतें तें श्रेय बरेंचसें नदीचें आहे. गोदावरी वाहत होती. सकाळीं टाकलेलें निर्माल्य सायंकाळपर्यंत पुढें जात असे, आणि पावसाळ्याचा एक पूर वर्षाची सारी घाण धुवून नेत असे. १९६५ सालीं वरच्या अंगास गंगापूर धरण पुरें झालें, नदीचें पाणी शहरास व शेतांस मिळूं लागलें, आणि घाटापाशींचा प्रवाह धरणांतून सोडल्या जाणाऱ्या पाण्यावर अवलंबून राहिला. शहर वाढलें, सांडपाणी वाढलें, प्रवाह रोडावला. संवय मात्र वाहत्या नदीच्या काळचीच राहिली. प्लॅस्टिकच्या पिशवींत बांधलेलें निर्माल्य पुलावरून फेंकणारा मनुष्य मनांतून अजून त्या जुन्या नदीशींच व्यवहार करीत असतो.

कायद्यानें तरी या नदीचें रक्षण करावें कीं नाहीं? १८६० च्या भारतीय दंडसंहितेंत सार्वजनिक झऱ्याचें किंवा जलाशयाचें पाणी घाण करणें हा अपराध मानला होता. शिक्षा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पांचशें रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्हीं. परंतु जुन्या निकालांत न्यायालयांनीं असा अर्थ लावला कीं, वाहती नदी ही ‘सार्वजनिक झरा’ या शब्दांत बसत नाहीं! सार्वजनिक तळें बिघडविणारा अपराधी, आणि ज्या नदीवर दहा गांवें जगतात ती बिघडविणारा त्या कलमापुरता मोकळा. जलप्रदूषणाचा स्वतंत्र कायदा १९७४ सालीं आला. १ जुलै २०२४ पासून जुन्या संहितेच्या जागीं भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्यांत या अपराधाची कैद सहा महिन्यांपर्यंत व दंड पांच हजारांपर्यंत वाढविला आहे, पण शब्द तेच, झरा आणि जलाशय.

कायद्यापेक्षां निराळा मार्ग एका माणसानें दाखविला. गाडगे महाराज गांवांत शिरले कीं आधीं झाडू हातीं घेत, रस्ते व गटारें साफ करीत, आणि रात्रीं त्याच गांवांत कीर्तनाला उभे राहत. त्यांनीं पंढरपूर, आळंदी, देहू व आमच्या नाशिकला यात्रेकरूंसाठीं धर्मशाळा उभारल्या, आणि स्वतः मात्र त्यांत सुखानें राहिले नाहींत. १९५६ च्या डिसेंबरांत ते गेले. आमच्याकडील एका पुलास त्यांचें नांव आहे.

रेल्वेच्या डब्याचीही कथा याहून वेगळी नाहीं. १९१७ च्या सप्टेंबरांत गांधीजींनीं मुंबईहून मद्रासपर्यंत तिसऱ्या वर्गानें प्रवास केला. भाडें तेरा रुपये नऊ आणे. बावीस उतारूंच्या डब्यांत वाटेंत पस्तीस माणसें झालीं, आणि सबंध प्रवासांत तो डबा एकदांही झाडला गेला नाहीं, असें त्यांनीं लिहून ठेवलें आहे. रेल्वे कंपन्यांवर त्यांनीं झोड उठविली. पण तेवढ्यावर थांबले नाहींत. तंबाखू खाऊन डब्याची पिकदाणी करणाऱ्या, शेजाऱ्याची पर्वा न करणाऱ्या उतारूंनाही त्यांनीं तितकेंच स्पष्ट सुनावलें. सरकारास बोलणें त्या काळीं धाडसाचें होतें. सहप्रवाशास बोलणें आजही धाडसाचेंच आहे. धूम्रपानाच्या बाबतींत तें धाडस २००१ सालीं सर्वोच्च न्यायालयानें केलें, आणि २ ऑक्टोबर २००८ पासून सार्वजनिक जागीं विडी ओढणारास दोनशें रुपयांपर्यंत दंड आहे. या एका बाबींत फरक पडला हें मान्य केलें पाहिजे. डब्यांत आतां धूर क्वचित् दिसतो. त्याची जागा मोबाइलवर मोठ्यानें लावलेल्या गाण्यांनीं घेतली आहे.

आवाजाविषयीं २००० सालचे नियम आहेत. रात्रीं दहा ते सकाळीं सहा उघड्यावर लाउडस्पीकर बंद. निवासी भागांत दिवसा ५५ व रात्रीं ४५ डेसिबल ही मर्यादा. रुग्णालय, शाळा व न्यायालय यांभोंवतीं शंभर मीटर शांतता. पुढें सण-उत्सवांसाठीं वर्षांतून पंधरा दिवसांपर्यंत रात्रीं बारापर्यंत मोकळीक देण्याचा अधिकार सरकारांना मिळाला. आतां कौटिल्याचा अपवाद आठवा. त्यानें सवलत दिली ती आजाऱ्यास. आम्हीं सवलत दिली ती वाजविणारास. घरीं अंथरुणावर पडलेल्या आजाऱ्यानें ते पंधरा दिवस मोजावयाचे.

येथें एक मोठा भेद मला दिसतो. थुंकणारा, विडी ओढणारा, केर टाकणारा हा बहुधा एकटा व सामान्य मनुष्य असतो. त्याला दंड होतो. पण जो समूहानें येतो आणि चारचौघांची जागा सबंधच आपली म्हणतो, त्याच्यापुढें शासनही दबून वागत आलें आहे. सिंहस्थांत आधीं स्नान कोणाचें, यावरून शैव व वैष्णव साधूंत इ. स. १७८९ सालीं मोठा रक्तपात झाल्याचें परंपरा सांगते. त्यानंतर पेशव्यांनीं शैवांनीं त्र्यंबकेश्वरीं व वैष्णवांनीं नाशिकला रामकुंडांत स्नान करावें अशी वांटणी करून दिली, आणि ती आजतागायत चालू आहे. म्हणजे एका पाण्यांत दोघांना पाठोपाठ उतरतां येईना, म्हणून दोन गांवें करावीं लागलीं.

याच नाशिकांत याहून मोठा अन्यायही चालू होता. ज्यांना जागेंत पाऊलच टाकूं दिलें जात नव्हतें, त्यांच्यापुढें रांगेचा व स्वच्छतेचा उपदेश व्यर्थ होता. सार्वजनिक तळीं, विहिरी व धर्मशाळा अस्पृश्यांस खुल्या असाव्यात असा बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळांत १९२३ सालीं मंजूर झाला. तरीही महाडच्या चवदार तळ्याचें पाणी घेण्यास २० मार्च १९२७ रोजीं डॉ. आंबेडकरांना सत्याग्रह करावा लागला. २ मार्च १९३० रोजीं नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. हजारों स्त्रीपुरुष शिस्तीनें, रांगेनें मंदिराकडे आले, आणि दरवाजे बंद झाले. रामनवमीला रथ दोन्हीं बाजूंच्या लोकांनीं ओढावा अशी तडजोड ठरली होती. ९ एप्रिलला ती मोडली आणि दगडफेक झाली. दादासाहेब गायकवाड आदि कार्यकर्त्यांनीं हा लढा पुढें कित्येक वर्षें चालविला. मंदिरप्रवेशाचा कायदा यावयास १९४७ साल उजाडलें. सार्वजनिक जागेंत शिस्त कशी असावी याचा नाशिकच्या इतिहासांतील उत्तम धडा त्या रांगेनें दिला, असें माझें मत आहे. आणि तो धडा ज्यांना दार बंद होतें त्यांनीं दिला.

अखेरीस २७ ऑगस्ट २००३ या दिवसाविषयीं बोलणें प्राप्त आहे. सिंहस्थाच्या शाही स्नानाचा दिवस. काळाराम मंदिराच्या बाजूनें रामकुंडाकडे जाणारा रस्ता अरुंद व उताराचा. साधूंची मिरवणूक पुढें जावी म्हणून लाखोंच्या जनसमुदायास कठड्यांमागें थोपवून धरलें होतें. मिरवणुकींतील कोणीतरी चांदीचीं नाणीं गर्दींत उधळलीं आणि तीं वेचण्यास लोक वांकले, असें त्या वेळच्या वृत्तांतून आलें. मागच्यांस पुढें काय चाललें आहे हें दिसत नव्हतें. ते ढकलीत राहिले. उतारावर एक पडला, त्याच्यावर दुसरा पडला. एकोणचाळीस भाविक मृत्यु पावले, शंभराहून अधिक जखमी झाले. मृतांत स्त्रियांची संख्या मोठी होती. नाणीं फेंकणाऱ्याच्या मनांत दानाचा भाव असेल; वांकणाऱ्याच्या मनांत प्रसादाचा असेल; ढकलणाऱ्यास स्नानाची घाई असेल. यांपैकीं कोणाच्याही मनांत दुष्टबुद्धि होती असें मी म्हणत नाहीं. मागें कोण उभें आहे, हा विचार तेवढा नव्हता.

२०१५ च्या सिंहस्थांत पोलिसांनीं येण्याजाण्याचे मार्ग निराळे ठेवले, आणि नाशिकला तसें कांहीं घडलें नाहीं. पुढचीं मोठीं स्नानें २०२७ च्या पावसाळ्यांत आहेत.