हर्नांडेझचा चंद्र आणि हरवलेली तारीख

कॅमेऱ्याची बॅटरी पार उतरली की त्याचं घड्याळ शून्यावर जातं आणि मग प्रत्येक फोटोवर १ जानेवारी पडते. माझ्या हरिश्चंद्रगडाच्या एका ट्रेकच्या फोटोंचं असंच झालंय. देवळाचा कळस, मागे काळे पडत चाललेले डोंगर, वर चंद्र आणि तारीख म्हणे १ जानेवारी! ट्रेक कोजागिरीचा होता, हे मी इतकी वर्षं सगळ्यांना छातीठोकपणे सांगत आलोय. गेल्या शनिवारी जुने फोटो लावायला बसलो, सहज म्हणून चंद्र मोठा करून पाहिला, तर तो खालच्या बाजूने चक्क थोडा कापलेला. म्हणजे पौर्णिमा नव्हतीच!

अशी फजिती माझ्यापेक्षा फार मोठ्या माणसाचीही झाली होती. त्याचीच ही गोष्ट.

ॲन्सेल ॲडम्स (१९०२-१९८४) हा डोंगरदऱ्यांच्या कृष्णधवल फोटोंचा अमेरिकन बादशहा. १९४१च्या शरद ऋतूत तो अमेरिकेच्या नैऋत्य भागात फिरत होता. तिथल्या गृहखात्याला वॉशिंग्टनच्या इमारतीत लावण्यासाठी भलेमोठे फोटो हवे होते आणि त्या कामासाठी ॲडम्सला दिवसाला २२.२२ डॉलर ठरले होते. अधूनमधून स्वतःचं काम करायची मुभा होती. अर्थात, ज्या दिवसाचे पैसे सरकारचे, त्या दिवसाची निगेटिव्हही सरकारची. तेव्हा कुठला फोटो कुठल्या तारखेचा, हा प्रश्न दिसतो तितका फालतू नव्हता.

त्या दिवशी तो न्यू मेक्सिकोतल्या चामा नदीच्या खोऱ्यातून सांता फेला परत निघाला होता. गाडीत आठ वर्षांचा मुलगा मायकेल आणि मित्र सेड्रिक राइट. दिवसभर मनासारखं काहीच मिळालं नव्हतं. वाटेत हर्नांडेझ नावाचं खेडं लागलं. मातीच्या भिंतींची घरं, एक चर्च, शेजारी दफनभूमी. मागे बर्फाची शिखरं, त्यांच्यावर ढगांचा पट्टा आणि त्याच्याही वर चंद्र. पश्चिमेला सूर्य ढगांआड जायच्या बेतात होता आणि त्याच्या शेवटच्या उजेडात थडग्यांवरचे पांढरे क्रूस चमकत होते.

ॲडम्सने गाडी रस्त्याच्या कडेला घातली आणि एकच धावपळ उडाली. कॅमेरा ८ बाय १० इंचांच्या फिल्मचा. तिपाईवर चढवायचा, लेन्स लावायची, फिल्टर लावायचा. सगळं झालं आणि लाइट मीटरच सापडेना!

आपण असतो तर अंदाजपंचे बटण दाबलं असतं. ॲडम्सला मात्र चंद्राची प्रखरता पाठ होती, २५० कँडल प्रति चौरस फूट. त्याच्या 'झोन सिस्टीम'मध्ये काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत पायऱ्या आहेत. पाचवी म्हणजे मधला राखाडी, पुढची प्रत्येक पायरी दुप्पट उजेडाची. चंद्र सातव्या पायरीवर बसवला, तर पाचवीच्या वाट्याला त्याचा चौथा हिस्सा, म्हणजे साधारण ६० येतात. एएसए ६४च्या फिल्मला त्याचे होतात एफ/८वर १/६० सेकंद. गडद पिवळा फिल्टर तिप्पट उजेड मागतो, म्हणून १/२०. सगळं चित्र स्पष्ट यावं म्हणून एफ/३२ ठेवायचं, म्हणजे आणखी सोळापट. उत्तर साधारण १ सेकंद. हे गणित त्या धावपळीत, तोंडी!

एक फोटो झाला. राखीव म्हणून दुसरा घ्यायला त्याने फिल्मचा होल्डर उलटा केला, तेवढ्यात क्रूसांवरचं ऊन गेलं. संपलं. ती एकच निगेटिव्ह.

तीही सरळ नव्हती. खालचा भाग इतका फिका होता, की १९४८मध्ये ॲडम्सने तेवढ्या भागावर रसायनांची प्रक्रिया करून तो गडद केला. प्रिंट काढताना आकाशाला जास्त उजेड देऊन ते काळं करायचं, असंही तो करत आला आणि पुढच्या वर्षांत हे आकाश अधिकाधिक काळं होत गेलं. या एका निगेटिव्हचे १,३००हून जास्त प्रिंट त्याने काढले. २००६मध्ये त्यातला एक ६,०९,६०० डॉलरला विकला गेला.

आणि तारीख? ती त्याने लिहूनच ठेवली नव्हती! वेगवेगळ्या ठिकाणी त्याने १९४०पासून १९४४पर्यंत वेगवेगळी सालं दिली. फोटो 'यू. एस. कॅमेरा'च्या १९४३च्या वार्षिकात छापून आला होता, तरी १९४४!!

शेवटी फोटोग्राफीचा इतिहासकार बोमाँट न्यूहॉल याने खगोलशास्त्राची मदत घेतली. कोलोरॅडोतल्या हाय अल्टिट्यूड ऑब्झर्व्हेटरीच्या डेव्हिड एल्मोरने फोटोतल्या चंद्राची जागा कॉम्प्युटरवर पडताळून पाहिली. उत्तर आलं ३१ ऑक्टोबर १९४१, दुपारी ४ वाजून ३ मिनिटं. ॲडम्सने ते मान्य केलं.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण 'स्काय अँड टेलिस्कोप' मासिकाचा डेनिस डी चिको स्वतः हर्नांडेझला गेला. त्याच्या लक्षात आलं, की ॲडम्स आजच्या हायवेवर नव्हे, तर जुन्या रस्त्याच्या कडेला, एल्मोरने धरलेल्या जागेच्या सुमारे ५० फूट पश्चिमेला उभा होता. नवं गणित १९९१मध्ये छापून आलं. १ नोव्हेंबर १९४१, दुपारी ४ वाजून ४९ मिनिटं २० सेकंद.

दोन उत्तरांत एक दिवस आणि ४६ मिनिटांचा फरक आहे. चंद्र रोज सरासरी ५० मिनिटं उशिरा उगवतो. म्हणजे पहिलं उत्तर वेड्यासारखं चुकलेलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी पाऊण तासाने चंद्र जवळपास त्याच उंचीवर येणार. इनपुटमधली चूक, आपल्या ओळखीचीच! ॲडम्सला मात्र हे कळलं नाही. तो १९८४मध्येच गेला होता.

मला गंमत वाटते ती याची. जगाला मध्यरात्र वाटणारा हा फोटो दुपारी पावणेपाचचा आहे. ॲडम्सने आकाश काळं केलं, जमीन उजळली, साल विसरला. यात मी फसवणूक मानत नाही, त्याला जे जाणवलं ते त्याने प्रिंटमध्ये आणलं. पण चंद्राची जागा त्याने हलवली नाही. तेवढ्या एका खरेपणावर पन्नास वर्षांनी सेकंदापर्यंतची वेळ सापडली.

असो. माझ्या फोटोत उजेड पुरता गेलेला नाही आणि चंद्र बराच वर आलाय, म्हणजे पौर्णिमा अजून दोन-तीन दिवसांवर असणार. कोजागिरी मीच मागाहून जोडली. आमच्या ट्रेकच्या ग्रुपला हे अजून सांगितलेलं नाही. कॅमेऱ्याचं घड्याळ मात्र लावून टाकलंय.