पोलीस शिस्तभंगविषयक अभिलेख, कॅलिफोर्नियातील

पोलीस अधिकाऱ्याविरुद्ध आलेली तक्रार, तिची खात्यांतर्गत चौकशी, तीतून निघालेला निष्कर्ष आणि दिलेली शिक्षा यांच्या लेखी नोंदींना शिस्तभंगविषयक अभिलेख म्हणतात. पोलिसांच्या गोळीबारात एखाद्याचा मृत्यू झाल्यास या नोंदींना विशेष महत्त्व येते. कारण गोळी झाडणाऱ्याचे पूर्वीचे वर्तन कसे होते व खात्याने त्याची कोणती दखल घेतली, हे अन्य साधनांनी सहसा कळत नाही. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत याविषयी प्रत्येक राज्याचा कायदा निराळा आहे. त्यांपैकी कॅलिफोर्निया राज्याचा इतिहास उद्‌बोधक आहे. अभिलेख जतन करणे आणि तो लोकांना खुला करणे या दोन भिन्न गोष्टी असून एकीवाचून दुसरी निष्फळ ठरते, हे त्यातून दिसते.

या इतिहासाचा प्रारंभ १९७४ मधील पिचेस खटल्यापासून होतो. पीटर पिचेस हे लॉस अँजेल्स परगण्याचे शेरीफ होते. त्यांच्या हाताखालील अधिकाऱ्यांवर हल्ला केल्याचा आरोप असलेल्या इसमाने, आपण केवळ स्वसंरक्षण केले हे दाखविण्यासाठी, त्या अधिकाऱ्यांविरुद्धच्या जुन्या तक्रारींची कागदपत्रे मागितली. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने आरोपीचा हा हक्क मान्य केला. त्यानंतर लॉस अँजेल्स पोलीस खात्यातील चार टनांहून अधिक जुनी कागदपत्रे नष्ट करण्यात आली व पुराव्याअभावी अनेक फौजदारी खटले काढून टाकावे लागले.

यावर उपाय म्हणून विधिमंडळाने १९७८ मध्ये कायदा केला. त्याचे स्वरूप दुहेरी होते. तक्रारींची कागदपत्रे किमान पाच वर्षे ठेवणे त्याने बंधनकारक केले. परंतु त्याच वेळी ती गोपनीय ठरविली. आरोपीने सबळ कारण दाखविल्यास न्यायाधीश आपल्या दालनात ती तपासून आवश्यक तेवढाच भाग त्याला देत. सामान्य नागरिकास मात्र हा मार्ग उपलब्ध नव्हता. २००६ मध्ये कॉप्ली प्रेस या वृत्तपत्रसंस्थेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ही गोपनीयता नागरी सेवा आयोगापुढील अपिलांच्या कागदपत्रांनाही लागू केली. परिणामी ती अधिकच व्यापक झाली.

राज्याच्या सिनेटमधील सदस्या नॅन्सी स्किनर यांनी २०१८ च्या आरंभी या कायद्यात बदल सुचविणारे विधेयक मांडले. त्याच वर्षी १८ मार्च रोजी सॅक्रामेंटो येथे दोन पोलिसांनी एका २२ वर्षांच्या निःशस्त्र कृष्णवर्णीय तरुणास त्याच्या आजीच्या घराच्या परसात गोळ्या घालून ठार केले. त्याच्याजवळ केवळ दूरध्वनी सापडला. या घटनेने उसळलेल्या लोकक्षोभामुळे विधेयकास बळ मिळाले. ३० सप्टेंबर रोजी राज्यपाल जेरी ब्राउन यांनी त्यावर स्वाक्षरी केली व १ जानेवारी २०१९ पासून ते अंमलात आले. माणसावर केलेला गोळीबार आणि मृत्यू वा गंभीर इजा घडविणारा बळाचा वापर यांसंबंधीचे अभिलेख त्यामुळे खुले झाले. लैंगिक अत्याचार व अप्रामाणिकपणा यांबाबत मात्र आरोप खात्याच्या चौकशीत सिद्ध झालेला असणे आवश्यक होते.

कायदा लागू होण्यापूर्वीच, डिसेंबर २०१८ मध्ये, इंगलवुड नगरपरिषदेने गोळीबार व अन्य चौकशांचे शंभराहून अधिक अभिलेख नष्ट करण्यास संमती दिली. जतनाची मुदत संपली असल्याने ते नियमाबाह्य नव्हते. दुसरीकडे, नवा कायदा २०१९ पूर्वीच्या कागदपत्रांना लागू होत नाही, असा पोलीस संघटनांनी दावा केला. अपील न्यायालयाने २०१९ मध्येच तो फेटाळला. या कायद्याने अधिकाऱ्याच्या गतकालीन कृतीचे परिणाम बदलत नसून केवळ लोकांचा माहिती मिळविण्याचा हक्क बदलतो, अशी न्यायालयाची भूमिका होती.

२०२१ च्या दुरुस्तीने अवाजवी बळाचा वापर, बेकायदेशीर अटक वा झडती आणि पक्षपाती वर्तन यांविषयीचे सिद्ध आरोपही खुल्या वर्गात आणले. सिद्ध आरोपांचे अभिलेख किमान पंधरा वर्षे ठेवणे बंधनकारक झाले. अधिकाऱ्याने चौकशी पूर्ण होण्याआधी राजीनामा दिला, तरी कागदपत्रे खुली करावी लागतात. न्यूयॉर्क राज्यानेही १९७६ पासूनची आपली गोपनीयतेची तरतूद जून २०२० मध्ये रद्द केली.

कॅलिफोर्नियात घरचा पत्ता, कुटुंबीयांची माहिती तसेच तक्रारदार व साक्षीदार यांची नावे वगळूनच कागदपत्रे दिली जातात आणि तपास चालू असता ती काही काळ रोखूनही ठेवता येतात. या मर्यादा समजण्याजोग्या आहेत. परंतु नष्ट झालेला अभिलेख कोणत्याही कायद्याने खुला करता येत नाही. म्हणून जतनाची मुदत हा केवळ दप्तरी तपशील न राहता मृताच्या आप्तांच्या व समाजाच्या हक्काचाच भाग ठरतो.