फिलेमोनाच्या घरचा गुलाम

संत पौल बंदिवासांत असतां अनेसिम नामक गुलाम त्यांच्या हातून ख्रिस्ती झाला. त्याला धनी फिलेमोन यांजकडे परत पाठवितांना, गुलाम नव्हे तर प्रिय बंधु म्हणून त्याचा स्वीकार व्हावा, असें पौलांनीं कळविलें. गुलामगिरीच मोडा, असें मात्र लिहिलें नाहीं. हें आम्ही झांकीत नाहीं. पुढें गोमंतकांत तर ख्रिस्ती घरींच आफ्रिकेचे गुलाम राबले. परमगुरु सोळावे ग्रेगरी यांनीं त्या व्यापाराचा कडक निषेध केला तो १८३९ सालीं.

आमच्या प्रवराकांठीं गुलाम हें नांव नव्हतें, परंतु पुष्कळांच्या वाडवडिलांमागें महारवतनाची वेठ होती. तें वतन १९५८ च्या कायद्यानें गेलें. जात मात्र अद्यापि आमच्याच सोयरिकींत विचारली जाते. कोल्हारकर बंधुभगिनींनो, पौलांचें तें पत्र अवघें पंचवीस वचनांचें आहे. या महोत्सवी वर्षीं तें फिलेमोनाच्या जागीं बसून वाचावें.