सामुराईचं चिलखत आणि बीडची छागल

मी फार शिकलेला माणूस नाही. सातवी झाली आणि कपिलधारजवळचं गाव सोडून मुंबईच्या गिरणीत लागलो. साळखात्यात साचे चालवले. जे काही शिकलो ते वाचनालयात आणि संग्रहालयात. स्मरणिकेसाठी इतिहासावर लिहा असं मंडळाने सांगितलं, म्हणून जपानी वस्तूंवर लिहितो आहे. कपिलधारचा आणि जपानचा काय संबंध, असं वाटेल. शेवटपर्यंत वाचा.

मुंबईत फोर्टमध्ये १० जानेवारी १९२२ रोजी जनतेसाठी खुलं झालेलं मोठं वस्तुसंग्रहालय आहे. पूर्वीचं नाव प्रिन्स ऑफ वेल्स, १९९८ पासून छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. तिथे जपानी कलेचा मोठा संग्रह आहे. जमशेटजी टाटांचे धाकटे पुत्र सर रतन टाटा यांचा संग्रह १९२१ साली आणि थोरले सर दोराब टाटा यांचा १९३३ साली तिथे आला. टाटांचं जपानशी नातं कापसाचं. १८९३ साली मुंबई ते कोबे अशी जपानी जहाजांची नियमित फेरी सुरू झाली, त्यात जमशेटजींचा पुढाकार होता. हिंदुस्थानचा कापूस त्या जहाजांतून जाऊ लागला.

पहिल्यांदा गेलो तेव्हा एका बोटभर वस्तूपाशी थांबलो. तिला 'नेत्सुके' म्हणतात. जपानी पोशाखाला, किमोनोला, खिसा नसतो. म्हणून औषधाची किंवा तंबाखूची डबी दोरीने कमरपट्ट्याला लटकवायची आणि दोरी निसटू नये म्हणून वरच्या टोकाला हा लाकडी किंवा हस्तिदंती गोटा अडकवायचा. एवढंच त्याचं काम. पण कारागिराने त्यात उंदीर, बेडूक, म्हातारा कोळी असं काय काय कोरलंय! मागच्या बाजूला दोरी ओवायची दोन भोकं असतात. वापरून कडा गुळगुळीत झालेल्या असतील तर ती वस्तू कुणाच्या तरी कमरेला खरंच राहिली होती असं समजावं. लाखेच्या डब्यांचंही तसंच. झाडाचा चीक काढून लेपावर लेप द्यायचा, दमट हवेत वाळवायचा, घासायचा, पुन्हा द्यायचा. वर सोन्याची पूड.

या वस्तू बाजारात का आल्या? १८६८ साली जपानमध्ये राज्य बदललं. नव्या सरकारच्या धोरणाच्या आडोशाने बौद्ध विहारांवर हल्ले झाले, मूर्ती फोडल्या, विकल्या गेल्या. १८७६ साली तलवार बाळगायला बंदी आली आणि तलवारी घडवणारे बेकार झाले. लोक खिशाचे कपडे घालू लागले, नेत्सुकेचं कामच संपलं. परदेशी लोकांनी टोपल्या भरभरून नेल्या. संप आणि गिरण्यांची टाळेबंदी पाहिलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. हाताचं काम गेलं की हातातलं कसब कवडीमोल होतं. पण जपानने पुढे शहाणपण दाखवलं. १८९७ साली जुनी मंदिरं जपण्याचा कायदा केला, १९५० साली दुसरा मोठा कायदा केला, आणि त्याखाली १९५५ पासून नुसत्या वस्तूचा नाही तर कारागिराचाही सन्मान सुरू केला. त्यांना 'जिवंत राष्ट्रीय ठेवा' म्हणतात.

आता मुद्द्याचं. सामुराईच्या चिलखताचं सगळे कौतुक करतात. त्याचं चामडं कुणी कमावलं? मेलेली जनावरं ओढणाऱ्या, कातडी कमावणाऱ्या जपानच्या अस्पृश्यांनी. त्यांना 'एता', म्हणजे मळाने भरलेले, म्हणत. आज तो शब्द तिकडे शिवी मानतात. १८७१ साली सरकारने ते नाव आणि तो दर्जा कागदावर रद्द केला, वागणूक बदलली नाही. मग ३ मार्च १९२२ रोजी क्योटोत त्या लोकांनी आपली संघटना उभी केली, 'सुईहेइशा'. अर्थ, पाण्यासारखी सपाट पातळी मागणाऱ्यांचा संघ. पाचच वर्षांनी, २० मार्च १९२७ ला, बाबासाहेबांनी महाडला तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. दोन्हीकडे मागणं एकच होतं.

आणि आपलं बीड? इंग्रजी आमदानीच्या गॅझेटियरात बीडच्या चामडी कामाची वाखाणणी आहे. इथल्या छागली, म्हणजे पाणी न्यायच्या चामडी पिशव्या, नावाजलेल्या होत्या. लहानपणी आमच्या घरी खुंटीला एक होती. आजोबा बैलगाडीला बांधून न्यायचे. तिची शिवण इतकी घट्ट की थेंब सुटत नसे. मी मुंबईत असताना घर शाकारलं, तेव्हा ती जुनाट म्हणून फेकली. काचेआडची नेत्सुके बघताना मला ती छागल आठवली. शिवणाऱ्याचं नाव मी आजोबांना कधी विचारलं नाही, याची खंत आजही आहे.

जपानी लोक चांगली वस्तू लाकडी पेटीत ठेवतात आणि पेटीवर वस्तूचं व करणाऱ्याचं नाव लिहितात. पेटी हरवली तर मोल उतरतं. आपण एवढं तरी करू. विहारात एक कपाट ठेवू. घरात जुनी छागल, आरी, रापी, हलगी, गोधडी, जातं असेल तर भंगारात घालू नका. चिंच लावून घासू नका, झीज पुसू नका. चामडं ओलीपासून आणि उंदरांपासून जपा. कोरड्या कापडात गुंडाळून आणा आणि सोबत कागद लिहा: वस्तू कुणी केली, कोणत्या गावी, कुणी वापरली. घरात म्हातारं माणूस असेल तर त्याला आजच विचारा.

टाटांकडे पैसा होता म्हणून त्यांनी परक्यांचं जपलं, त्यांचे उपकार आहेत. आपल्या आजोबांच्या हातचं जपायला पैसा लागत नाही.