अध्यक्षांची डावी बाजू

28 मे 1906, सकाळ : प्रिन्स्टन विद्यापीठाचे अध्यक्ष वुड्रो विल्सन जागे होतात आणि डाव्या डोळ्याने दिसत नाही. घाव डोळ्याच्या पडद्यावरचा. काय गेले, हे त्यांना लगेच कळते.

25 सप्टेंबर 1919, दुपार : आता ते अमेरिकेचे अध्यक्ष आहेत. राष्ट्रसंघासाठी जनमत जागवत त्यांची आगगाडी तीन आठवडे फिरते आहे. डोके सतत दुखते, तरी कोलोरॅडोतल्या प्युएब्लोत ते भाषण करतात.

रात्री 11.30 : ते पत्नी एडिथ यांचे दार ठोठावतात. वेदना असह्य झाल्या आहेत.

26 सप्टेंबर, सकाळ : विचिटाचे भाषण रद्द. दौरा गुंडाळून गाडी वॉशिंग्टनकडे वळते.

2 ऑक्टोबर, सकाळी सुमारे 8.30 : व्हाइट हाउस. विल्सन पलंगाच्या कडेला बसून पाण्याची बाटली घेऊ पाहतात. डावा हात लुळा पडला आहे. एडिथ त्यांना न्हाणीघरात पोहोचवतात आणि फोनकडे धावतात.

8.50 : अध्यक्षांचे वैद्य डॉ. ग्रेसन यांना बोलावणे जाते. एडिथ परततात, तेव्हा अध्यक्ष जमिनीवर बेशुद्ध पडलेले असतात.

त्यानंतर : पक्षाघाताने मेंदूचा उजवा भाग निकामी झाला आहे. डावे अंग गेले, आणि दोन्ही डोळ्यांना दिसणाऱ्या दृश्याचा डावा अर्धा भागही. डावीकडचे दृश्य दोन्ही डोळ्यांतून उजव्या मेंदूत पोहोचते; तो मार्ग तुटला की डोळे धड असूनही अर्धे जग गळते. 1906 पेक्षा हे घातक, कारण उजव्या मेंदूला इजा झालेल्या अनेकांना आपले काही हरवले आहे हेच उमगत नाही. समोर काळा पडदा येत नाही. ताटातली डावीकडची भाजी तशीच राहते आणि जेवण संपले असे वाटते.

पुढचे दिवस : जनतेला 'थकवा' एवढेच सांगितले जाते.

5 डिसेंबर, दुपार : सिनेटर फॉल आणि हिचकॉक अध्यक्षांच्या प्रकृतीची पाहणी करायला येतात. त्यांना उजवीकडे बसवले जाते. डावा हात पांघरुणाखाली. विल्सन विनोद करतात, पाहुणे समाधानाने परततात. आजाऱ्याला स्वतःची उणीव दिसत नव्हती आणि भोवतालच्यांनी ती इतरांना दिसू दिली नाही.

19 मार्च 1920 : विल्सन तडजोडीला तयार नाहीत. सिनेटमध्ये राष्ट्रसंघाचा करार सामावलेल्या व्हर्सायच्या तहाला 49 मते मिळतात, विरोधात 35. दोन तृतीयांशाला 7 मते कमी पडतात.

हट्ट स्वभावाचा किती आणि इजेचा किती, यावर इतिहासकारांचे एकमत नाही. अमेरिका मात्र राष्ट्रसंघात कधीच गेली नाही.