बॉनेटखालची शाळा

मॉरिस ऑक्सफर्डवर बेतलेल्या अ‍ॅम्बॅसडरचे बॉनेट उघडले की इंजिन लांबीत बसवलेले आणि दोन्ही बाजूंना हात घालायला ऐसपैस जागा. कार्बोरेटर, डिस्ट्रिब्यूटर, प्लग सारे डोळ्यांसमोर! आमच्या सीमाभागात कन्नड मिस्त्रीच्या हाताखाली मराठी पोरे नुसते पाहून शिकलेली मी पाहिली आहेत. डिसेंबर 1983 मध्ये मारुती 800 आली. तिचे 796 सीसीचे इंजिन आडवे बसवलेले; गाडी आटोपशीर झाली, पण पाना फिरवायची जागा आखडली. पुढे इंधनाचे नियंत्रण संगणकाकडे गेले. त्याने धूर घटला, हे चांगलेच झाले. 2014 साली या दोन्ही गाड्यांचे उत्पादन थांबले. मात्र शाळा सुटलेल्या मुलांची ही दुसरी शाळाही आक्रसली, ही चुटपुट मुख्याध्यापक म्हणून मला लागून राहिली आहे.