अधोरेखेचे स्थित्यंतर

यंत्राला आज्ञा देणाऱ्या माणसाची मार्गदर्शक ग्रंथाकडून माफक अपेक्षा असते. जसेच्या तसे टंकायचे शब्द कोणते आणि ज्यांच्या जागी आपले शब्द घालायचे ते कोणते, एवढे त्याला पाहताक्षणी उमगले पाहिजे. अमेरिकेतील बेल लॅबोरेटरीजमध्ये केन टॉम्प्सन व डेनिस रिची यांनी युनिक्स या संगणकप्रणालीचा पहिला ग्रंथ सिद्ध केला, त्यावर ३ नोव्हेंबर १९७१ ही तारीख आहे. त्याच्या प्रस्तावनेतच संकेत सांगितले होते : अधोरेखित शब्द अक्षरशः टंकावा, चौकटी कंसातील पद गाळले तरी चालते, पुढे टिंबे असल्यास आधीचे पद पुन्हा देता येते. टंकयंत्रापाशी जाड ठसा कोठून असणार? अक्षराखाली रेघ ओढणे हाच सोपा मार्ग. नोंदींत दोषांसाठीही स्वतंत्र कलम असे. आपल्याच कृतीतील उणिवा आपणच छापण्याचा हा प्रांजळपणा ग्रंथव्यवहारात विरळाच म्हणावा लागेल.

पुढे जो ओसाना यांनी ट्रॉफ ही अक्षरजुळणीची भाषा रचली, आणि १९७३ पासून साधा, तिरपा व जाड असे तिन्ही ठसे ग्रंथकारांच्या हाती आले. अक्षरशः टंकायच्या शब्दांना जाड ठसा मिळाला; १९७९ च्या सातव्या आवृत्तीची प्रस्तावना तसेच सांगते. परंतु त्याच आवृत्तीतील 'कॅट' या आज्ञेचे पान पाहावे. वापराच्या नमुन्यात आज्ञेचे नाव जाड आहे. खाली वर्णनात मात्र तेच नाव तिरपे, आणि वाचकाने बदलायचा 'फाइल' हा शब्दही तिरपाच! शिवाय तिरपा ठसा नसलेल्या पडद्यावर त्याच्या जागी अधोरेखा उमटे. म्हणजे १९७१ साली 'हेच टंका' असे बजावणारी रेघ आता बहुधा 'हे बदला' असे सांगू लागली.

या गोंधळाचे मूळ भाषेच्या घडणीत होते. डग्लस मॅकिलरॉय यांनी या आवृत्तीसाठी रचलेल्या 'मॅन' नावाच्या मॅक्रोसंचात 'बी' म्हणजे जाड, 'आय' म्हणजे तिरपा. शब्दाचे रूप नोंदले जाई, कार्य नव्हे. ते ज्याच्या त्याच्या लेखणीवर सोपवलेले. १९९० च्या सुमारास बर्कलीच्या युनिक्समध्ये सिंथिया लिव्हिंगस्टन यांचा 'एमडॉक' संच आला. त्यात लेखकाने 'हे आज्ञेचे नाव', 'हे बदलायचे पद' एवढेच सांगायचे. ठसा संच ठरवतो. बर्कली परंपरेतील प्रणालींनी तो स्वीकारला. लिनक्सच्या जगात मात्र बव्हंशी जुनाच संच चालत राहिला, आणि तेथे ठशांचे नियम माणसांनी लिहून ठेवावे लागतात, माणसांनीच पाळावे लागतात.